तेवीस मिनिटांचा फरक

१

बंदर अधिकाऱ्यांनी सोमवारी सकाळी छापील तक्ता उघडला, खिडकीतून धक्क्यावरच्या फलकाकडे पाहिलं आणि पुन्हा तक्त्यावर बोट ठेवलं. तक्त्यात त्या दिवशीची भरती आठ सत्तावन्नला होती. फलकावर लाल दिव्यांत नऊ वीस झळकत होतं.

फरक तेवीस मिनिटांचा होता. पाण्याची उंचीही जुळत नव्हती. फलक तक्त्यापेक्षा तीस सेंटिमीटर कमी पाणी दाखवत होता.

असं व्हायलाच नको होतं. भरतीचा तक्ता दरवर्षी मुख्य कचेरीतून छापून यायचा, कारकून बाई तो कॉम्प्युटरमध्ये भरायच्या आणि कॉम्प्युटर त्यातलीच वेळ फलकाला द्यायचा. म्हणजे फलक हा तक्त्याचा नुसता आरसा; दोन्ही ताडून पाहायची गरज एरवी कुणाला पडत नसे. आरशात दुसराच चेहरा दिसायला लागला तर माणूस दचकणारच.

साहेबांच्या दचकण्याला आणखी एक कारण होतं. शुक्रवारी एक मोठं जहाज येणार होतं. बंदरात येऊन मिळणाऱ्या नदीवरच्या नव्या पुलाचा, दोन खांबांमधला अख्खा लोखंडी गाळा त्याच्यावर लादलेला होता. बंदराच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा होता आणि भरतीच्या ऐन टोकाला तो ओलांडायचा होता. तक्ता खरा असेल तर जहाजाच्या तळाखाली चाळीस सेंटिमीटर पाणी राहत होतं. फलक खरा असेल तर दहा. जहाज तिथं रुतलं असतं तर बंदराचं तोंडच बंद झालं असतं, आणि ते कधी उघडेल हे कुणी सांगू शकलं नसतं.

साहेबांनी कारकून बाईंना बोलावलं. बाई मितभाषी, आठ वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांनी भरलेले आकडे तपासले. एकही चुकलेला नव्हता. मग बाईंनीच कॉम्प्युटरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी उघडली आणि त्यांचं बोट मधेच थांबलं. बाकी सगळी नावं ओळखीची होती. एक मात्र अनोळखी होतं; ही यादी उघडायची वेळ याआधी कधी आली नव्हती. रोमन लिपीतली पाच अक्षरं होती: एस, ए, टी, व्ही, आय.

हे कुठून आलं, असं साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, माहीत नाही. या कॉम्प्युटरला दुसरं कुणी हात लावतं का, असं विचारलं. बाईंनी खरं तेच सांगितलं: नाही. आणि त्या एका शब्दानं त्या अडकल्या. चौकशी होईपर्यंत त्यांनी मागच्या दप्तरखान्यात बसावं, असं साहेबांनी सांगितलं. बाईंनी चष्म्याचं घर उचललं, पाण्याची बाटली उचलली आणि गेल्या.

साहेब ती पाच अक्षरं कागदावर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. चौथ्या वेळी त्यांनी ती तोडून लिहिली. पहिली तीन अक्षरं म्हणजे इंग्रजीतला शनिवार. शेवटची दोन म्हणजे रोमन सहा.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. येत्या शनिवारी सहा तारीख होती.

२

दुपारी मुख्य कचेरीनं माणूस पाठवलं. खात्यात त्यांना सगळे भिंगताई म्हणत. पन्नाशी उलटलेली, घड्याळजीची लेक, लहानपण बापाच्या दुकानात स्क्रू वेचण्यात गेलेलं. एखाद्या कचेरीत कॉम्प्युटर चमत्कारिक वागायला लागला की ताईंना धाडायचं, असा रिवाज होता. त्या येत, आणि पहिला तासभर यंत्राला हात न लावता माणसांशी बोलत बसत.

साहेबांनी शनिवार आणि सहा तारीख ही भानगड सांगितली. प्रोग्रॅम बंद करून पुसून टाका, ही त्यांची मागणी होती. ताईंनी ऐकून घेतलं. तो कुणाचा आणि कशासाठी आहे हे कळल्याशिवाय पुसला, तर फलक आधी खोटं बोलत होता की आता बोलतोय हे शुक्रवारपर्यंत कुणालाच कळणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं.

मग ताईंनी प्रोग्रॅमकडे पाहिलं. अगदी लहान होता. एखाद्या फोटोपेक्षाही लहान. बाहेरच्या जगाशी त्याचं काही बोलणं नव्हतं. दिवसभर तो नुसता पडून असायचा. आणि त्याच्यावर तारीख होती नऊ वर्षांपूर्वीची.

कॉम्प्युटर मात्र तीन आठवड्यांपूर्वीच आला होता.

तो बसवणारा वायरवाला बाहेरच भेटला. उत्साही गडी, समोरच्या प्रत्येकाला दादा म्हणण्याची सवय, ताईंनाही एकदा म्हणून जीभ चावली. त्यानं सांगितलं की जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं त्यानं जसंच्या तसं नव्यात आणलं. घर बदलताना माळ्यावरची खोकी आपण न उघडताच नेतो, तसं. त्यात काय होतं, त्याला काय ठाऊक? फलक मात्र त्याच दिवसापासून व्यवस्थित चालतोय, हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

त्यानंतर पायलट. जहाज बंदराच्या तोंडाशी आलं की होडीतून जाऊन त्यावर चढायचं आणि ते सुखरूप आत आणायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. उन्हानं रापलेला चेहरा, बोलणं तुटक. आपण कशावर विसंबता, तक्त्यावर की फलकावर, असं ताईंनी विचारलं. तक्त्यावर, अर्थातच, असं ते म्हणाले. उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं.

ताईंनी त्यांची रोजनिशी सहज चाळायला मागितली. प्रत्येक जहाजानं उंचवटा कधी ओलांडला याची नोंद त्यात होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतच्या वेळा तक्त्याशी जुळत होत्या. त्यानंतरचं एकही जहाज तक्त्याच्या वेळी आलेलं नव्हतं. सगळी फलकाच्या वेळी आली होती.

ताईंनी रोजनिशी मिटून परत दिली. पायलट खोटं बोलले होते आणि ताईंच्या ते लक्षात आलंय, हे त्यांनाही कळलं होतं.

३

मंगळवारी सकाळी ताई कारकून बाईंच्या खुर्चीवर बसल्या. कोणता प्रोग्रॅम कधी जागा झाला आणि किती वेळ राबला, याची टिपणं कॉम्प्युटर आपोआप ठेवत असतो. या पाहुण्याचं टिपण विचित्र होतं. दिवसातून दोनदा तो जागा व्हायचा, चार सेकंद काम करायचा आणि पुन्हा झोपायचा. पण ठरलेल्या वेळी नाही. एके दिवशी सव्वापाच, दुसऱ्या दिवशी सहा, मग सात वाजायला दहा कमी.

साहेब मागे येऊन उभे राहिले. चोर असाच वागतो, वेळ बदलत राहतो, म्हणजे पकडला जात नाही, असं त्यांचं मत पडलं.

ताईंनी एकवीस दिवसांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या आणि शेजारी वजाबाक्या मांडल्या. पंचेचाळीस मिनिटं. सेहेचाळीस. बावन्न. साठ. पुन्हा अठ्ठेचाळीस. रोज थोडा उशीर, आणि सरासरी काढली तर पन्नास मिनिटं. त्यांच्या बापाच्या दुकानात रोज मागे पडणारी घड्याळं ढिगानं यायची. कुठलं पाच मिनिटं मागे, कुठलं दहा. पण पन्नास मिनिटं मागे पडून, महिना उलटला तरी आपला क्रम न सोडणारं घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. असं घड्याळ बिघडलेलं नसतं. ते दुसऱ्याच कशाच्या तरी मागे चाललेलं असतं.

त्या दिवशी दहा वाजून सहा मिनिटांनी त्याची पाळी येणार होती. ताई पडद्याकडे पाहत बसल्या. बरोबर दहा सहाला त्या ओळीतलं शून्य हललं, आकडा चढला, चार सेकंद टिकला आणि पुन्हा शून्य झालं.

ताईंनी मान वर केली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. धक्क्याला बांधलेल्या होड्यांचे दोर इतका वेळ ताणलेले होते. ते आता सैल पडून पाण्याला टेकले होते. फेसाची एक रेघ खांबापाशी येऊन उभी राहिली होती, पुढेही जात नव्हती, मागेही येत नव्हती. समुद्र वर चढायचा थांबला होता आणि अजून उतरायला लागला नव्हता.

बंद खोलीतल्या एका डब्यात, कुणालाही न कळता, हा लहानसा प्रोग्रॅम समुद्राबरोबर श्वास घेत होता.

“साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “हा घड्याळावर चालत नाही. हा चंद्रावर चालतो.”

४

साहेब हुशार होते आणि हट्टीही. ताईंनी पुढे जे दाखवलं ते त्यांनी नीट पाहिलं. धक्क्याजवळ एक खोल विहीर होती. समुद्राचं पाणी तळाच्या भोकातून तिच्यात यायचं, आणि त्या पाण्यावर एक तरंगता गोळा वरखाली व्हायचा. या मापकाचे आकडे कॉम्प्युटरमधून परस्पर मुख्य कचेरीत जायचे. इथं ते कुणी वाचत नव्हतं. प्रोग्रॅम त्या चार सेकंदांत ते आकडे वाचायचा आणि आपल्या वहीत एक ओळ लिहायचा: मी काय सांगितलं होतं, पाण्यानं काय केलं, फरक किती.

हे सगळं पाहून साहेब म्हणाले, “जो स्वतःच मापकाचे आकडे हाताळतो, त्याच्याच साक्षीवर मी जहाज आत घेऊ?”

प्रश्न रास्त होता. पाण्यालाच विचारायला हवं होतं. आणि ऐन भरतीला पाणी बराच वेळ थबकल्यासारखं दिसतं, त्यामुळे नुसतं बघून भागणार नव्हतं. कुणीतरी काठावर बसून मोजायला हवं होतं.

बुधवारी सकाळी ताईंनी कारकून बाईंना दप्तरखान्यातून बाहेर काढलं. धक्क्याच्या कडेला दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. प्रत्येक पायरीवर आकडा कोरलेला, आणि एका पायरीच्या उभ्या दगडावर पितळी मोजपट्टी ठोकलेली. वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नसावं; पट्टीवर शेवाळाची साय धरली होती. बाईंनी पदर खोचला आणि ती खरवडून काढली. पायलटही येऊन वरच्या पायरीवर उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तक्त्याप्रमाणे भरती दहा एकोणतीसला होती, फलकाप्रमाणे दहा बावन्नला. दर दोन मिनिटांनी बाई पट्टीवरचा आकडा सांगत आणि ताई लिहून घेत. दहा एकोणतीस झाले. पाणी चढतच होतं. दहा पस्तीस, दहा चाळीस. चढतच होतं, पण आता एका वेळी बोटाच्या पेराएवढंच. बाईंचा आवाज बारीक होत गेला. आठ वर्षं त्या भरतीचे आकडे भरत होत्या, पण एक अख्खी भरती त्यांनी अशी शेजारी बसून कधी पाहिली नव्हती. एवढं मोठं पाणी, आणि ते इतक्या सावकाश, इतक्या निश्चयानं त्यांच्या पावलांकडे येत होतं.

दहा पन्नासला पाणी केसभर चढलं. दहा बावन्नला जिथल्या तिथे राहिलं. दहा चोपन्नलाही तिथेच. दहा छप्पनला ओल्या दगडाची एक कोरभर कड उघडी पडली. उंची तक्त्यापेक्षा तीस सेंटिमीटर कमी.

फलक खरा होता. समुद्राशी जुळत नव्हता तो छापील तक्ता.

पायलटांनी वरच्या पायरीवरून कबूल केलं की हे त्यांना ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी लाटा अडवायची नवी भिंत बांधली तेव्हापासून तक्ता पाण्याशी जुळेनासा झाला होता. लहान जहाजं निभावून जात, पण दर खेपेला थोडक्यात. तीन आठवड्यांपूर्वी फलक अचानक पाण्यासारखं बोलायला लागला. का ते त्यांनी विचारलं नाही. तक्ता सोडून जहाज आणतो हे कळलं असतं तर परवाना गेला असता.

ताईंनी पट्टीच्या पायरीकडे बोट दाखवलं. कोरलेला सातचा आकडा पाण्याखाली हलत होता. पट्टी हिलाच का, असं त्यांनी विचारलं.

“ती पट्टीकाकांची जागा,” पायलट म्हणाले. “पूर्वी इथं बसून पाणी मोजायचे. सातवी बुडाली, असं ते वरून ओरडले की समजायचं, मोठ्या जहाजाला वाट मोकळी.”

ताईंनी तो शब्द मनातल्या मनात रोमन अक्षरांत लिहून पाहिला. एस, ए, टी, व्ही, आय. शनिवारही नव्हता आणि सहा तारीखही नव्हती.

“सातवी,” त्या म्हणाल्या.

५

पण पट्टीकाका दोन वर्षांपूर्वी वारले होते. नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा पाणी मोजणाऱ्याची जागाच रद्द झाली होती. पायलट शपथेवर सांगायला तयार होते की काका फोनची बटणं दाबायलाही दुसऱ्याला सांगत. प्रोग्रॅम लिहिणं ही त्यांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

मग नाव त्यांच्या पायरीचं आणि हात कुणाचा?

उत्तर दप्तरखान्यात होतं. दोन दिवस तिथं बसवल्यामुळे कारकून बाईंनी वेळ घालवायला जुन्या वह्या झाडून लावल्या होत्या. चौतीस वर्षांच्या वह्या होत्या. पट्टीकाकांनी रोजचं पाणी शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, अक्षर मोठं आणि ओबडधोबड. पण बाईंना आणखी एक गोष्ट दिसली होती. शेवटच्या दहा-बारा वर्षांच्या वह्यांत प्रत्येक आकड्याशेजारी निळ्या शाईत दुसरा एक आकडा होता. बारीक, रेखीव, आणि प्रत्येक सातच्या पोटात आडवी रेघ. उत्तरपत्रिका तपासून तपासून झालेला हात, असं बाईंना वाटलं.

ताईंनी प्रोग्रॅमचं पोट उघडलं. आत साठ मुख्य आकडे होते. या बंदराचं पाणी कसं वागतं ते त्या साठांत साठवलेलं होतं. प्रत्येक आकड्याला लिहिणाऱ्यानं एक नाव दिलं होतं. पहिल्याचं नाव दादा एक, दुसऱ्याचं दादा दोन. असे साठ दादा.

हे कळताच साहेबांनी वायरवाल्याला बोलावणं पाठवलं. सगळ्यांना दादा म्हणणारा तोच एक होता. बिचारा घामाघूम झाला.

ताईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. प्रोग्रॅम नऊ वर्षांचा आहे आणि हा इथं पहिल्यांदा आला तीन आठवड्यांपूर्वी, त्यामुळे हा नव्हे, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. मग त्यांनी बाकीचं मांडलं. पट्टीवाल्याला कचेरीत सगळे काका म्हणत. पायलट काका म्हणतात, शिपाई काका म्हणतो. कचेरीतल्या कुणी लिहिलं असतं तर आत साठ काका असते. मुलानं लिहिलं असतं तर बाबा असते. माणूस स्वतःला तर काहीच म्हणत नाही. पट्टीकाकांना दादा म्हणेल असं एकच नातं उरतं: पाठचं भावंड. आणि निळा हात शिक्षकाचा आहे.

पायलटांनी डोळे मिटून आठवलं. काकांना एक धाकटी बहीण होती, शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी कधी कधी भावाला न्यायला धक्क्यावर यायची आणि दोघं वहीत डोकं घालून उभी राहायची.

ती अजून आहे का, असं ताईंनी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

६

ती होती. गुरुवारी दुपारी एका चिंचोळ्या गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावर ताई आणि साहेब पोचले तेव्हा शिक्षिका बाई कुंडीतली माती उकरत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या. हात धुऊन त्या समोर बसल्या. साहेबांनी प्रोग्रॅमचं नाव घेतलं तेव्हा त्यांना क्षणभर काही आठवेना.

मग त्यांनी सांगितलं. दादाची जागा रद्द होणार हे कळल्यावर तो नीट जेवेनासा झाला होता. स्वतःसाठी नाही. आता पाण्याला रोज विचारणारं कुणी राहणार नाही, हे त्याला खुपत होतं. दादाच्या वहीत त्याच्या आकड्याशेजारी बाई आधीपासूनच निळ्या शाईत आपला अंदाज मांडत असत. बाईंनी शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा, पंचावन्नाव्या वर्षी, प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं होतं. दादाच्या चौतीस वर्षांच्या वह्या त्यांनी दोन वर्षांत आकडा आकडा करून भरल्या आणि त्यातून हा प्रोग्रॅम केला. त्याला दोनच गोष्टी शिकवल्या: पुढची भरती सांगायची, आणि भरती आली की आपण किती चुकलो ते पाहून स्वतःला कणभर सुधारायचं.

तेव्हाच्या बंदर अधिकाऱ्यांनी तो वर्षभर चालवून पाहायचं कबूल केलं. फलक तक्त्याच्याच वायरीवर ठेवला आणि प्रोग्रॅमला शेजारचा रिकामा सॉकेट दिला. पुढं मुख्य कचेरीचं उत्तर आलं की तक्ता एकच असेल. अधिकारी बदलून गेले. प्रोग्रॅम काढून टाकला असणार, असं समजून भावा-बहिणीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

ताईंना आता शेवटचा दुवा दिसला. नऊ वर्षं त्या सॉकेटला काहीच जोडलेलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी वायरवाल्यानं फलकाची वायर नव्या कॉम्प्युटरला लावताना दोन्हींपैकी जो सॉकेट हाताला आला त्यात खुपसली. दिवे लागले, काम झालं. फलकाला कुणी हात लावला नव्हता. इतकी वर्षं कुणी न ऐकता जो बोलत होता, त्याला फक्त तोंड मिळालं होतं.

“म्हणजे तो बंद केलाच नाही?” बहिणीनं विचारलं.

“सहा हजारांहून जास्त भरत्या मोजल्यात त्यानं,” ताई म्हणाल्या. “एकही चुकवली नाही.”

बाईंच्यातली शिक्षिका जागी झाली. आता फरक किती पडतो, एवढंच त्यांनी विचारलं. ताईंनी छापून आणलेल्या ओळी पुढे केल्या. पहिली चार वर्षं दोन-तीन मिनिटं. पाचव्या वर्षी फरक एकदम वीसवर गेला होता. मग अठरा, चौदा, नऊ. दोन वर्षांत हळूहळू पुन्हा दोनवर आला होता.

ही उडी कशाची, असं बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, त्या वर्षी नवी भिंत बांधली. तिनं पाण्याची वाटच बदलली.

“भिंतीचं मी त्याला काही सांगितलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. त्यांचं बोट कागदावर थांबलं होतं. “भिंत बांधणार हे आम्हाला माहीतही नव्हतं. त्यानं ती पाण्याकडून शोधून काढली.”

साहेबांनी टोपी मांडीवर फिरवली. उद्या जहाज कोणत्या वेळी आणू ते तुम्ही सांगा, असं ते अखेर म्हणाले. बाईंनी मान हलवली. सही तुमची आहे, मी सांगणार नाही, पण पायरीवर बसून मोजलेलं पाणी तुमच्याकडे आहे, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पाच वाजता साहेबांनी जहाजाला संदेश पाठवला: पोटातलं जादा पाणी उपसून पंचवीस सेंटिमीटर वर यावं, आणि उंचवटा बारा चारला नव्हे, बारा सत्तावीसला ओलांडावा. त्याखाली त्यांनी पूर्ण सही केली आणि छापील तक्ता ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

७

शुक्रवारी दुपारी धक्क्यावर माणसांची गर्दी होती. जहाज समोर दिसत होतं आणि त्याच्यावर तो गाळा, एखादी गल्लीच्या गल्ली उचलून आडवी ठेवावी तसा. बारा चारला ते बाहेरच थांबून होतं. भिंतीच्या टोकाशी पाणी अजून जोरात आत ओढत होतं, खदखदत होतं. त्या ओढीत जहाज सरळ राहिलं नसतं, हे बघणाऱ्यालाही कळत होतं.

बारा वीसला खदखद निवली. बारा पंचवीसला भिंतीच्या टोकाशी पाणी काचेसारखं झालं. त्या काचेवरून जहाज निघालं.

साहेबांच्या हातातल्या वायरलेसवर पायलट तळाखालचं पाणी सांगू लागले. नव्वद. सत्तर. पन्नास. बहीण साहेबांच्या शेजारी उभी होती; तिनं चष्मा काढून हातात धरला होता. प्रोग्रॅमच्या हिशेबानं उंचवट्यावर पस्तीस राहायला हवे होते. चाळीस, असं पायलट म्हणाले. मग वायरलेस थोडा वेळ नुसता खरखरला.

“चौतीस,” आवाज आला. “चौतीस. चौतीस.” आणि मग, अगदी हलक्या सुरात, “साठ.”

जहाज आत आलं होतं. हजारो टन लोखंड त्यांच्यासमोरून इतक्या शांतपणे सरकत गेलं की धक्क्याला साधी लाटही लागली नाही. वायरवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी टोपी काढली. कुणासाठी काढली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जहाजासाठी, समुद्रासाठी, की न पाहिलेल्या एका माणसाच्या चौतीस वर्षांसाठी.

नंतरचं थोडक्यात सांगायचं तर, कारकून बाई त्यांच्या खुर्चीवर परतल्या आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. पायलटांनी स्वतःहून रोजनिशी साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी ती वाचली आणि आपल्या अहवालाला पुरावा म्हणून जोडली. मुख्य कचेरीला त्यांनी लिहिलं की या बंदराचा तक्ता पाच वर्षं चुकीचा आहे आणि बरोबर सांगणारा प्रोग्रॅम चालूच राहील.

त्याच दुपारी साहेबांना छोटा समारंभ करायचा होता. बहिणीनं नको म्हटलं. तिला फक्त गेल्या दोन वर्षांच्या ओळी पाहायच्या होत्या. ती कारकून बाईंच्या टेबलाशी बसली आणि फरकाच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेली. दोन मिनिटं, दोन मिनिटं, दीड, दोन. मधेच थांबली.

“ही दोन मिनिटं कुठून येतात?” तिनं कुणालाच न विचारता विचारलं. “कधी पुढे, कधी मागे. काही महिने पुढेच, काही महिने मागेच. इथं अजून काहीतरी आहे, जे त्याला सापडत नाहीये.”

ताई बॅग भरून दारात उभ्या होत्या. त्यांची बस सुटायला वेळ थोडा होता. त्यांनी बॅग खाली ठेवली.

कारकून बाई कागदावर वाकल्या होत्या. “नदी असेल का?” त्या संकोचत म्हणाल्या. “ती फुगते ते महिने आणि आटते ते महिने वेगळे लावून पाहिले तर?”

बहिणीनं मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली, शेजारी जागा केली आणि निळं पेन त्यांच्या हातात दिलं.

“लावा,” ती म्हणाली.